चादरबाई परीक्षेला बसतात

हॉस्पिटलातल्या कपड्यांच्या कोठाराच्या त्या प्रमुख होत्या, म्हणून सगळे त्यांना चादरबाई म्हणायचे. पदवी घेतलेली बाई, मनातून शिक्षिका व्हायचं होतं, पण लग्नानंतर समोर आली ती ही नोकरी आणि निवृत्तीपर्यंत तीच टिकली. तळघरातली लांबलचक खोली, दोन्ही अंगांना छताला भिडलेल्या मांडण्या, आणि धुलाईतून आलेल्या गरम कपड्यांचा वास. वरच्या मजल्यांवर डॉक्टरमंडळी तोरा मिरवत, पण ऐन ऑपरेशनच्या वेळी हिरव्या चादरी कमी पडल्या की त्यांचाच माणूस धापा टाकत खाली यायचा, "बाई, तेवढं बघा ना." बाई बघायच्या. नवरा चेष्टा करायचा, "तू मरणाच्या दारातही आधी सगळ्यांना चादरी वाटून मग आत शिरशील." मग तोच आधी गेला.

त्यानंतर बाई एकट्या राहू लागल्या आणि मुलांना वाटलं होतं तितक्या कोमेजल्या नाहीत. दोन खोल्यांचं घर, गॅलरीत वाळत घातलेले दोन-चार कपडे, संध्याकाळी खालच्या बाकावर गप्पा. रेडिओ मोठ्याने लावायचा, जेवायचं पातेल्यातूनच. कोणी विचारणारं नव्हतं आणि ते सुख किती मोठं असतं हे त्यांनी कोणाला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर थोरल्या मुलाला वाईट वाटलं असतं.

मग न्हाणीघरात पाय घसरला. मनगट मोडलं. शेजारणीने हाका ऐकल्या तोवर बाई बराच वेळ ओल्या फरशीवर पडून होत्या. धाकटी लेक येऊन त्यांना आपल्या घरी घेऊन गेली, आणि थोरल्याने घराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

प्लास्टर निघालं. हात वळायला लागला. बाई पोळपाटावर लाटणं फिरवून दाखवायच्या, बाटलीची झाकणं उघडून दाखवायच्या. थोरला आला की म्हणायच्या, "आता मला घरी सोड बाबा."

"बघू," थोरला म्हणायचा.

"काय बघू? मी काय भाजी आहे का, ताजी आहे की शिळी ते बघायला?"

"आई, तसं नाही गं. डोकं शांत ठेव. बघू."

हे 'बघू' ऐकून बाई कंटाळल्या होत्या. त्यांना एवढंच हवं होतं, आपल्या घरी आपल्या हाताने दार लावून झोपायचं. बाकी त्या काही मागत नव्हत्या.

धाकटी एका कंपनीत होती. ही कंपनी पाटीएवढे छोटे संगणक बनवायची, दुकानांत, गोदामांत, दवाखान्यांच्या खिडकीमागे ठेवायचे. ऑफिसात त्यांना सगळे डबेच म्हणत. डबे स्वस्त, त्यामुळे त्यांची मेमरीही जेमतेम. काम वाढलं की डबा सध्या न लागणारी माहिती आवळून, दाबून त्याच मेमरीच्या एका कोपऱ्यात ठेवतो आणि लागेल तेव्हा उलगडतो. ही आवळण्याची रीत एकच नसते. एक जलद पण ढिली, दुसरी मंद पण घट्ट, आणि मधल्या तीन-चार. कोणत्या डब्याला कोणती द्यायची आणि किती कोपरा सोडायचा, हे आतापर्यंत काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करणाऱ्या दोघा-तिघांनाच जमायचं. धाकटीला काम मिळालं होतं ते यासाठी साधी, सरळ स्क्रीन बनवायचं. दुकानातल्या पोऱ्यालाही कळली पाहिजे अशी. ती जमली तर नोकरी कायम होणार होती. नाही जमली तर काय, ते घरात कोणी बोलत नव्हतं, पण धाकटी नखं खायला लागली होती.

"या रीतींची नावं तरी काय आहेत?" बाईंनी एकदा भाजी निवडताना विचारलं.

धाकटीने वाचून दाखवली.

"अगंबाई, ही नावं आहेत की गाड्यांच्या नंबरपाट्या?"

"तीच तर पंचाईत आहे ना."

"आमच्या कोठारासारखंच आहे की हे," बाई म्हणाल्या. "अपघात विभागाच्या चादरी नुसत्या दुमडायच्या. हिसडा मारला की उघडल्या पाहिजेत. थंडीच्या घोंगड्या मात्र गुडघ्याने दाबून, आवळून, वरच्या फळीवर. त्या काढायला वेळ लागेना का."

धाकटी लॅपटॉपवरून वर बघत राहिली. मग भराभर काहीतरी लिहिलं. दोन दिवसांनी स्क्रीनवर 'झटपट घडी', 'मधली घडी', 'घट्ट घडी' असं आलं. लॅपटॉपवरच्या बैठकीत तिच्या मॅडमनी विचारलं, ही नावं सुचली कोणाला? धाकटी म्हणाली, "मलाच, मॅडम. सहज." बाई शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांना राग नाही आला. लेकीचं कौतुक होतंय, मग ते कोणाच्या पदरातलं आहे ते कशाला उकरायचं?

स्क्रीन तयार झाली आणि तपासायला एखादा साधा माणूस हवा होता. ज्याला यातलं काही कळत नाही असा. धाकटी म्हणाली, "आई, बसशील?"

बाई लगेच तयार. लेकीला मदत हे एक झालंच. पण मनात दुसरंही होतं. हे आपण फटाफट करून दाखवलं, की धाकटी थोरल्याला सांगेल, आई अगदी तल्लख आहे रे, खुशाल एकटी राहील.

जेवणाच्या टेबलावर डबा मांडला, समोर लॅपटॉपवर ती स्क्रीन, बाजूला बाईंच्या चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा.

"नियम ऐक. मी काही सांगणार नाही. तू अडलीस तरी नाही. मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहायचं. आणि घाबरायचं नाही, परीक्षा स्क्रीनची आहे, तुझी नाही."

"म्हणजे मी बडबडायचं आणि तू गप्प बसायचं. आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा."

धाकटी हसली नाही. तिने कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि तिचा चेहरा एकदम परक्या बाईसारखा झाला. "पहिलं काम. हा डबा फार हळू चालतोय. त्याच्यासाठी झटपट घडी निवडा आणि जतन करा."

'निवडा', 'करा'. बाईंना त्या आदराचंच दडपण आलं.

त्यांनी निवडलं. जतन केलं. हिरवी खूण उमटली. "झालं की! हे काय, चिमूटभर काम."

"आता कोणती घडी चालू आहे ते मला सांगा."

बाईंनी बघितलं. तिथे 'घट्ट घडी' लिहिलेलं होतं. आधी होतं तेच.

"अरेच्चा. मी झटपट निवडली ना आत्ता?"

धाकटीने कागदावर काहीतरी टिपलं.

बाईंनी पुन्हा निवडलं. हिरवी खूण. क्षणभर सगळं जागेवर, आणि बघता बघता नाव सरकून परत 'घट्ट घडी'. पुन्हा केलं. पुन्हा तेच. "मी निवडलंय का नाही निवडलंय? निवडलं वाटतं. का नुसतं बघितलं? अगं, मला आठवेना आता. सांग ना, मी काय केलं आत्ता?"

धाकटीची नजर कागदावर. नियमच तसा होता.

 बाईंचं बोट भलत्याच जागी पडायला लागलं, ते मोडलेल्या हाताचं. एकदा तर त्यांनी चुकून लॅपटॉपच बंद करायचं बटण दाबलं. शेवटी त्या हात मांडीवर ठेवून बसल्या, परीक्षेत कोरा पेपर देऊन बसणाऱ्या मुलीसारख्या. "नाही जमत गं मला."

"ठीक आहे. धन्यवाद," धाकटी म्हणाली आणि कॅमेरा बंद केला. मग एकदम लेकीच्या आवाजात, "चहा टाकू का?"

दुसऱ्या दिवशी धाकटी घरूनच काम करत होती. बैठक चालू होती, दार अर्धवट लोटलेलं. बाईंना आपलाच आवाज ऐकू आला, 'सांग ना, मी काय केलं आत्ता?' आणि मग हशा. पुष्कळ माणसांचा, एकमेकांत मिसळलेला. कोणीतरी म्हणालं, "परत लाव, परत लाव, ते लॅपटॉप बंद करते ते!" पुन्हा हशा. एक पुरुषी आवाज म्हणाला, "आपल्याला मापच मिळालं रे. आई पास झाली की माल बाहेर." त्या हशात धाकटीचाही आवाज होता. बारीकसा, पण होता. आईला आपल्या मुलीचं हसू हजारांत ओळखू येतं.

बाई गॅलरीत गेल्या आणि वाळलेले कपडे पुन्हा एकदा झटकून वाळत घातले.

खरी गंमत धाकटीला त्यानंतर दोन दिवसांनी कळली. डब्याचा एक नियम असतो. कोपऱ्यात काही आवळून ठेवलेलं असेल तोवर आवळायची रीत बदलता येत नाही. आधी कोपरा रिकामा करावा लागतो. बाईंनी बदल मागितला तेव्हा डब्याने दर वेळी ठाम नकार दिला होता. स्क्रीन मात्र डब्याला न विचारताच हिरवी खूण देऊन मोकळी होत होती. ऑफिसात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तिथे सगळे ताजा, नुकताच चालू केलेला, रिकामा डबाच तपासायला घेत. धाकटीच्या घरी दिवसचे दिवस चालत असलेल्या डब्यापुढे बसलेलं पहिलं माणूस म्हणजे चादरबाई.

धाकटीने गुपचूप दुरुस्ती केली. मॅडमना काही सांगितलं नाही, कारण ती पहिली स्क्रीन मधल्या काळात काही मोजक्या गिऱ्हाइकांकडे वापरून बघायला गेलेलीही होती. तिथले लोकही हिरवी खूण बघून निर्धास्त झाले असणार. अशा वेळी 'वापरणारा गोंधळला' हेच कारण सोयीचं होतं, आणि त्याला बाईंच्या चेहऱ्याचा पुरावा होता.

बाईंना हे कळलं ते टेबल पुसताना. स्क्रीनवर नवी ओळ आली होती, 'या कोपऱ्यात माल आहे. घडी बदलण्याआधी तो मोकळा करा.' बाई थबकल्या. पुन्हा वाचलं.

"म्हणजे तेव्हा माझं बरोबर होतं?"

धाकटीने मान हलवली. "हो गं. स्क्रीनचीच चूक होती."

बाईंना इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी त्या गुणगुणत होत्या.

रविवारी थोरला आणि सून आली. बाईंनी पाणी दिलं, बशा मांडल्या. सुनेने हसत विचारलं, "आई, तुम्ही म्हणे ऑफिसात प्रसिद्ध झालात?" आणि धाकटीच्या फोनवर ते चित्रीकरण लावलं गेलं. कसं लावलं गेलं, कोणी काढून दिलं, बाईंना कळलंच नाही. थोरला आधी हसला. मग हसायचा थांबला. 'मला आठवेना आता' हे वाक्य आलं तेव्हा त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने त्याच्याकडे.

"हे कधीपासून आहे?" त्याने विचारलं. बाईंना नाही, धाकटीला.

"काय कधीपासून?" बाई म्हणाल्या. "अरे, ती चूक स्क्रीनची होती. आत माल होता म्हणून डबा बदलू देत नव्हता आणि ही आपली वरून हिरवी खूण..."

"बरं, बरं, आई."

"बरं बरं काय? विचार हिला!"

सगळे धाकटीकडे बघायला लागले. बाईंनीही बघितलं. धाकटी बशीतला तुकडा मोडत होती. लहान, मग आणखी लहान.

"सांग ना गं," बाई म्हणाल्या.

"दादा, तू घराचं काय ते बघ," धाकटी म्हणाली. "आई इथेच बरी."

सून हळूच म्हणाली, "आमच्या आत्या विसरायला लागल्या तेव्हा त्याही सुरुवातीला अशीच कारणं द्यायच्या हो."

ती दोघं गेल्यावर बाईंनी धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज चढवला नाही. "तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू तुझ्या घरी गेली असतीस."

"मग?"

"मग तू पुन्हा पडशील आणि दादा म्हणेल, तूच सांगितलंस ना ती ठणठणीत आहे म्हणून! माझा जीव इथे टांगणीला. ऑफिसात बसून मी दर तासाला तुला फोन करू? तू उचलला नाहीस की मी काय करू, सांग ना?"

"म्हणून मला वेडी ठरवलंस."

"वेडी कोण म्हणतंय? विसरतेस एवढंच म्हणतायत."

बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. लेकीची काळजी खरी होती, हे त्यांना दिसत होतं. त्यामुळे तर हात उगारायचीही सोय राहिली नव्हती.

"पुन्हा घे परीक्षा," त्या म्हणाल्या. "थोरल्यासमोर घे."

योगायोगाने मॅडमनाही तेच हवं होतं. नवी स्क्रीन बाहेर पडायच्या आधी त्याच बाईंना पुन्हा बसवायचं, म्हणजे आधीचं आणि आताचं शेजारी-शेजारी दाखवता येईल. थोरल्याने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि आईला गाडीतून धाकटीच्या ऑफिसात आणलं. बाईंनी चांगली साडी नेसली होती. काचेच्या भिंतींची खोली, लांब टेबल, पाच-सहा तरुण माणसं. एकजण त्यांना बघून दुसऱ्याच्या कानात पुटपुटला आणि दोघांनी ओठ आवळले. त्या दिवशीचा हशा कोणाचा ते बाईंनी ओळखलं.

"डबा रिकामा नको," बाई बसतानाच म्हणाल्या. "चालता, भरलेला द्या."

मॅडमच्या भुवया उंचावल्या. "देऊ की."

बाईंनी निवडलं, ओळ वाचली, माल मोकळा केला, झटपट घडी लावली, जतन केलं, आणि पुन्हा उघडून खात्री करून दाखवली. कोपरा कमी करा म्हटलं, कमी केला. औषधाच्या दुकानाला कोणती घडी द्याल? मधली, म्हणाल्या, आणि का तेही सांगितलं. बोट एकदाही चुकलं नाही. संपल्यावर त्या थोरल्याकडे वळल्या. त्याचा चेहरा खुलला होता.

"कमाल!" तो म्हणाला. "कमाल केलीस गं तू!"

बाई हसल्या. मग लक्षात आलं, तो धाकटीशी बोलत होता.

"काय सोपी केलीयस स्क्रीन! आईलासुद्धा जमली!"

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "ज्यांना आपण काय निवडलं हेही आठवत नव्हतं, त्या बाई आज न अडता सगळं करतात. डिझाइन म्हणतात ते हेच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीचे कान लाल झाले होते.

बाईंना त्या टाळ्यांच्या आवाजातच सगळं उमगलं. अडले तर मी अडले. जमलं तर स्क्रीनने जमवलं. या परीक्षेत त्यांना पास व्हायला जागाच नव्हती.

"मग मला घरी सोडतोस ना?" तरीही त्यांनी विचारलं.

"आई, इथे नको."

"सोडतोस का, एवढंच सांग."

थोरल्याने आवाज खाली आणला. "घर दिलंय मी भाड्याने. माणसं राहायला येतायत. तुझं सामान माझ्याकडे आहे, अगदी व्यवस्थित आहे, काळजी करू नकोस."

मॅडम मध्येच म्हणाल्या, "एक शेवटचा प्रश्न, हा आम्ही सगळ्यांना विचारतो. स्क्रीन वापरताना तुम्हाला कसं वाटलं? अगदी मोकळेपणाने सांगा."

धाकटीने आईकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती. बाईंनी ती नीट, पूर्ण वाचली. बाळंतपणापासून त्या ही नजर वाचत आल्या होत्या.

"आज छान वाटलं," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी स्क्रीन खोटं बोलत होती. डबा नाही म्हणत होता आणि ही हिरवी खूण दाखवत होती. भरलेल्या डब्यावर कोणी तपासलंच नव्हतं. हिला ते नंतर कळलं. हिने दुरुस्त केलं, पण सांगितलं नाही कोणाला."

कोणी हसलं नाही. मॅडम धाकटीकडे वळल्या. "मागची स्क्रीन गिऱ्हाइकांकडे गेलीय. तुला माहीत होतं?"

"मॅडम, मी..."

"हो की नाही?"

"हो."

मॅडमनी पेनचं टोपण लावलं. "ठीक आहे. बाई, धन्यवाद. तुम्ही बाहेर बसा थोडा वेळ."

गाडीत थोरला म्हणाला, "आई, काय केलंस हे? तिच्या पोटावर पाय दिलास." बाई खिडकीबाहेर बघत होत्या. आपण खरं बोललो याचं समाधान कुठे आहे ते त्या आत चाचपून बघत होत्या. सापडलं नाही.

धाकटीची नोकरी कायम झाली नाही. पुढच्या महिन्यापासून नव्हतीच. बाईंच्या घरात दुसऱ्यांचे पडदे लागले. आता दोघी दिवसभर धाकटीच्याच घरात असतात. भांडत नाहीत. 'जेवायला वाढू का', 'गॅस संपत आलाय', असं बोलतात. धाकटी अर्ज करते, कोणी कोणी मुलाखतीला बोलावतात, ती केस विंचरून लॅपटॉपसमोर बसते आणि दार लोटून घेते.

काल अशीच एक मुलाखत चालू होती. बाई स्वयंपाकघरात होत्या. आधीची नोकरी का सोडलीत, असं पलीकडून कोणीतरी विचारलं असावं.

"घरची अडचण होती, सर," धाकटीचा आवाज आला, शांत, सवयीचा झालेला. "आईला विसरायला होतं. तिला एकटं ठेवता येत नाही. मागच्या ऑफिसात तर तिने सगळ्यांसमोर काहीतरीच... हो ना. आता मी सोय केलीय तिची. त्याचा त्रास होणार नाही कामाला."

पलीकडचा माणूस हळहळला असावा. "थँक्यू, सर," धाकटी म्हणाली.

कुकरला वाफ धरत होती. आता शिटी होणार होती. बाईंनी पुढे होऊन गॅस बंद केला आणि मुलाखत संपेपर्यंत, हातातला चमचाही खाली न ठेवता, आवाज न करता उभ्या राहिल्या.